काचबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यानंतर

"काय तात्या, डोळ्याचें ऑपरेशन झालें म्हणे. आतां लख्ख दिसतें ना?"

शहरांतील दवाखान्यांतून गांवीं परतलेल्या माणसाला पारावर पहिला प्रश्न हाच होतो. मोतीबिंदू काढलेला मनुष्य आनंदानें 'होय' म्हणतो. काचबिंदूची शस्त्रक्रिया झालेला मात्र गोंधळतो. कारण त्याला पूर्वींपेक्षां अधिक असें कांहींच दिसत नसतें, आणि पहिले कांहीं आठवडे तर थोडें अंधुकच दिसतें. मग कोणी म्हणतो, पैसा फुकट गेला. कोणी म्हणतो, डॉक्टरानें डोळा बिघडविला. खुद्द तो मनुष्यहि खिन्न होतो व पुढील तपासणीस जात नाहीं. थेंबांची बाटली संपली कीं दुसरी आणली जात नाहीं. कांहीं वर्षांनीं त्या डोळ्याचा प्रकाश अगदींच जातो, आणि घरचीं माणसें म्हणतात, "ऑपरेशन करूनहि डोळा गेलाच."

अशा गैरसमजापायीं वांचविण्याजोगी दृष्टि हातची जाते, म्हणून आजचा पाठ आम्हीं या विषयास दिला आहे. पाठाचें सार आरंभींच सांगून ठेवतों. शस्त्रक्रियेनें डोळ्यांतील दाब उतरतो; पण उतरलेला दाब आपोआप तेथेंच राहतो असें नव्हे. तो कधीं फार खालीं जातो, कधीं वर चढतो, कांहीं महिन्यांनीं स्थिरावतो, आणि वर्षें लोटल्यावर पुन्हां चढूं शकतो. यास्तव शस्त्रक्रिया हा उपचाराचा शेवट नसून एका दीर्घ राखणीचा आरंभ आहे.

१. दोन बिंदू, दोन रोग

नांवें सारखीं असल्यामुळें मोतीबिंदू व काचबिंदू यांचा घोटाळा होतो. मोतीबिंदूंत डोळ्यांतील भिंग गढूळ होतें. तें काढून त्या जागीं कृत्रिम भिंग बसविलें कीं प्रकाशाची वाट मोकळी होते. काचबिंदूंत बिघाड होतो तो डोळ्याच्या नसेंत. डोळ्यानें टिपलेलें चित्र मेंदूकडे नेणारी ही नस लक्षावधि तंतूंची बनलेली असते. दाबाखालीं ते तंतु हळूहळू मरूं लागतात, आणि मेलेला तंतु कोणत्याहि औषधानें किंवा शस्त्रानें पुन्हां जिवंत होत नाहीं. म्हणून काचबिंदूची शस्त्रक्रिया गेलेली दृष्टि परत आणीत नाहीं, उरलेली राखते. जळालेलें पीक परत येत नाहीं, पण आग विझविल्यानें उभें पीक वांचतें, तशांतलाच हा प्रकार आहे.

बहुधा प्रथम बाजूची नजर जाते. मनुष्य समोरचें अक्षर वाचतो, सुईंत दोराहि ओंवतो. मात्र दाराच्या चौकटीला त्याचा खांदा लागतो, बाजूनें येणारें जनावर त्याला दिसत नाहीं. दुखत नाहीं, खुपत नाहीं, म्हणून कोणी दवाखान्यांत जात नाहीं. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजाप्रमाणें भारतांत चाळिशी ओलांडलेल्या सुमारें १ कोटि १२ लक्ष लोकांना हा रोग होता. दक्षिण भारतांत घरोघर फिरून ज्या पाहण्या झाल्या, त्यांत काचबिंदू आढळलेल्या दहांपैकीं सुमारें नऊ जणांना आपणांस तो आहे हें त्या दिवसापर्यंत ठाऊकच नव्हतें.

२. पाणचक्कीचा दाखला

डोळ्यांतील दाब म्हणजे काय, हें समजण्यास छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की उपयोगी पडते. आपल्यांतील वडील मंडळी या शहरास अद्याप औरंगाबाद म्हणतात. सतराव्या शतकाच्या आरंभीं मलिक अंबर यानें येथें जमिनीखालून नहर आणून गांवाला पाणी दिलें. पुढें अठराव्या शतकांत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशीं पाणचक्की झाली. दूरच्या टेकडीवरील झऱ्याचें पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून येतें, आपल्याच दाबानें भिंतींतून वर चढतें, आणि उंचावरून हौदांत पडतें. त्या पाण्याच्या जोरावर जातें फिरे व दर्ग्याच्या आश्रयास असलेल्या लोकांसाठीं पीठ निघे. पाणी येण्याची वाट व जाण्याची वाट या दोन्ही नीट असतील, तरच असें काम चालतें.

डोळ्यांतहि असाच एक झरा आहे. रंगीत पडद्याच्या मागें असलेल्या एका लहानशा मांसल कड्यांतून स्वच्छ पाणी सतत झरतें. तें बाहुलीवाटे पुढें येतें, भिंगाला व पुढच्या पारदर्शक पडद्याला पोषण देतें, आणि त्या पडद्याच्या कडेच्या कोनांत असलेल्या सूक्ष्म जाळींतून गळून रक्तांत मिसळतें. हें पाणी म्हणजे अश्रु नव्हेत. अश्रु डोळ्याच्या बाहेरून वाहतात, हें आंतलें आंत फिरतें. त्याचें प्रमाण मिनिटाला एका मिलिलिटराचा सुमारें चारशेंवा भाग इतकें अल्प आहे. औषधाच्या बाटलींतून पडतो तेवढा एक थेंब भरण्यास त्याला सुमारें वीस मिनिटें लागतात.

आतां हौदाची मोरी गाळानें बुजली तर पाणी काठावरून सांडतें. डोळ्याला मात्र सांडण्यास काठ नाहीं. तो चोहोंकडून बंद असा गोळा आहे. झरा चालू राहिला व जाळी तुंबली, कीं आंतला दाब वाढतो आणि मागें जेथून नस बाहेर पडते त्या नाजूक जागीं त्याचा सर्वांत अधिक त्रास होतो. कित्येकांत जाळी तुंबत नाहीं, पण रंगीत पडदाच पुढें सरकून कोनाचें तोंड बंद करतो. हा दुसरा प्रकार आपल्या देशांत पुष्कळ आढळतो.

३. दाब मोजतात कसा

रोगी डोळा बोटांना कठीण लागतो ही गोष्ट ग्लासगोचे विल्यम मॅकेंझी यांनीं १८३० सालीं आपल्या ग्रंथांत नमूद केली होती. परंतु बोटांचा अंदाज तो अंदाजच. १९०५ सालीं नॉर्वेचे श्यॉट्झ यांनीं डोळ्यावर ठेवून दाब मोजण्याचें सुटसुटीत उपकरण पुढें आणलें, तेव्हां आंकडा सांपडूं लागला. हल्लीं डोळा बधिर करणारा थेंब घालून, निळ्या प्रकाशांत एक बारीक टोंक पारदर्शक पडद्याला हलकेंच टेंकवून दाब पाहतात. रक्ताच्या दाबाप्रमाणेंच हाहि पाऱ्याच्या मिलिमीटरांत सांगतात. निरोगी डोळ्यांत तो बहुधा १० ते २१ असतो.

या आंकड्याविषयीं तीन गोष्टी ध्यानांत धराव्या. पहिली, तो दिवसभर एकसारखा नसतो. निरोगी माणसांतहि सकाळ-संध्याकाळ त्यांत तीन ते सहा अंकांचा फरक पडतो. काचबिंदूंत हा चढउतार अधिक असतो. दुसरी, पारदर्शक पडदा जाड असला तर आंकडा खऱ्यापेक्षां जास्त दिसतो, पातळ असला तर कमी. तिसरी, सर्वांना एकच आंकडा लागू नाहीं. कित्येकांची नस २१ च्या आंतल्या दाबानेंहि झिजते. म्हणून किती झीज झाली आहे, वय किती, याचा विचार करून डॉक्टर प्रत्येकासाठीं निराळी मर्यादा ठरवितात. आपल्या डोळ्याची मर्यादा कोणती, हें रोग्यानें विचारून घ्यावें.

हा दाब सतत खालीं ठेवण्याचें महत्त्व एका मोठ्या पाहणीनें स्पष्ट झालें. केवळ औषधांनीं ज्यांचा रोग आटोक्यांत येत नव्हता, असे रोगी अमेरिकेंत १९८८ पासून घेऊन, त्यांच्यावर लेझर किंवा शस्त्रक्रिया करून, वर्षानुवर्षें तपासण्यांत आले. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असें दिसलें कीं, सहा वर्षांतील प्रत्येक भेटीच्या वेळीं ज्यांचा दाब १८ च्या खालीं होता, त्यांची बाजूची नजर सरासरीनें जवळजवळ होती तशीच राहिली. ज्यांचा दाब निम्म्याहून कमी वेळां १८ च्या खालीं सांपडला, त्यांची नजर खालावत गेली. तेव्हां दाब एकदां उतरून भागत नाहीं. तो प्रत्येक भेटीस उतरलेला असावा लागतो.

४. शस्त्रक्रियेनें काय होतें

बर्लिनचे फॉन ग्रेफे यांनीं १८५७ च्या सुमारास रंगीत पडद्याचा लहान तुकडा कापून काढण्याची रीत घालून दिली. अकस्मात् दाब चढून डोळा ठणकणाऱ्या रोग्यांत ती गुणकारी ठरली. हळूहळू चालणाऱ्या काचबिंदूंत ती पुरी पडेना. त्यापुढचें एक महत्त्वाचें पाऊल आपल्याच देशांत पडलें. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयांत रॉबर्ट हेन्री एलियट यांनीं १९०९ पासून डोळ्याच्या काळ्या-पांढऱ्या सीमेवर एक बारीक वाटोळें छिद्र पाडून, आंतलें पाणी वरच्या पातळ आवरणाखालीं जिरविण्याची शस्त्रक्रिया प्रचारांत आणली. दाब उतरे, परंतु छिद्र उघडेंच असल्यामुळें कित्येकदां तो फारच उतरे, आणि पुढें जंतूंचा शिरकाव होई. १९६८ सालीं केंब्रिजचे केर्न्स यांनीं त्या छिद्रावर डोळ्याच्याच पांढऱ्या भागाची झडप ठेवून ती टांक्यांनीं बसविण्याची पद्धति सांगितली. आज सर्वत्र होते ती मुख्य शस्त्रक्रिया याच पद्धतीची आहे. वरच्या पापणीखालीं, झडपेपाशीं, पाण्याचा एक मऊ फुगवटा तयार होतो. त्यांतून पाणी हळूहळू शोषलें जातें.

येथें एक विलक्षण अडचण आहे, आणि शस्त्रक्रियेनंतरचे दाबाचे पुष्कळसे चढउतार तींतूनच उद्भवतात. इतर कोणतीहि शस्त्रक्रिया झाली कीं जखम लवकर भरून यावी अशी आपली इच्छा असते. येथें जखम पुरती भरली तर शस्त्रक्रियाच निष्फळ होते. शरीर आपल्या स्वभावाप्रमाणें वाट बुजवूं पाहतें. डॉक्टर ती बेताची उघडी ठेवूं पाहतो. म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळीं मायटोमायसिन नांवाचें, कर्करोगावर वापरलें जाणारें औषध कांहीं मिनिटें त्या जागीं लावतात, व पुढें कांहीं आठवडे स्टेरॉइडचे थेंब देतात. दोहोंचा हेतु भरून येण्याची क्रिया मंद करणें हा आहे.

५. पहिल्या दिवसापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत

पहिल्या दिवसांत पाणी अपेक्षेपेक्षां अधिक पाझरलें तर दाब ५ च्याहि खालीं जातो. मग डोळा मऊ पडतो, पुढची पोकळी उथळ होते, दृष्टि अंधुक होते. पुष्कळदां हें थोड्या दिवसांत आपोआप सुधारतें. न सुधारल्यास उपाय करावा लागतो. याच्या उलट झडप घट्ट बसली किंवा वाटेंत रक्ताची गांठ अडकली तर दाब चढतो. अशा वेळीं डॉक्टर लेझरनें एखादा टांका तोडतात, किंवा मुद्दाम सैल ठेवलेला टांका ओढून काढतात. मात्र टांका तोडण्याचा हा उपाय पहिल्या कांहीं आठवड्यांतच चांगला लागू पडतो. पुढें जखम जून होते व टांका तोडूनहि पाणी वाट काढीत नाहीं. ज्यानें दुसऱ्या आठवड्याची भेट चुकविली, त्यानें एक सोपा उपाय गमावला.

त्यानंतर, दुसऱ्या आठवड्यापासून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापर्यंत, फुगवट्याभोंवतीं जाड वेष्टन तयार होऊन दाब पुन्हां चढतो असें कित्येकांत घडतें. याचा अर्थ शस्त्रक्रिया वायां गेली असा नव्हे. कांहीं काळ थेंब घालून हा काळ निभावतो, आणि अनेकांचा दाब पुढें खालीं येऊन स्थिरावतो.

कित्येक डोळ्यांत झडपेऐवजीं बारीक नळी बसवितात. मदुराईच्या ऑरोलॅब संस्थेनें कमी किंमतींत अशी नळी तयार केल्यापासून ती गरिबांच्याहि आवांक्यांत आली आहे. ही नळी आरंभीं विरघळणाऱ्या दोऱ्यानें बांधलेली असते. दोरा साधारण पांच-सहा आठवड्यांनीं सुटेपर्यंत दाब चढाच राहूं शकतो, आणि सुटल्यावर एकाएकीं उतरतो. म्हणून त्या सुमारास दिलेली तारीख तर कधींच चुकवूं नये.

६. पुढचीं वर्षें

दाब स्थिरावला, थेंब बंद झाले, म्हणजे मनुष्य निश्चिंत होतो. पण फुगवटा वर्षांनंतरहि हळूहळू आकसतो. दाब पुन्हां वाढला तरी कांहीं कळत नाहीं, कारण पहिल्या खेपेप्रमाणेंच दुखत नाहीं. म्हणून डॉक्टर सांगतील तितक्या अंतरानें, जन्मभर, तपासणी करावी.

दुसरा धोका उलट प्रकारचा आहे. फुगवट्याचें आवरण फार पातळ होऊन तेथून जंतु आंत शिरूं शकतात. शस्त्रक्रियेस दहा वर्षें झालीं असलीं तरी तो डोळा एकाएकीं लाल झाला, दुखूं लागला, चिकट घाण येऊं लागली, किंवा नजर मंदावली, तर त्याच दिवशीं नेत्ररुग्णालय गांठावें. डोळे आले असतील असें समजून औषधाच्या दुकानांतून थेंब आणूं नयेत.

७. काचबिंदू असतां मोतीबिंदू काढणें

एकाच माणसास दोन्ही रोग असणें उतारवयांत नवल नव्हे. मोतीबिंदू काढतांना डोळ्यांत एक चिकट औषध भरतात. त्याचा अंश आंत राहिला तर तो जाळींत अडकून पहिल्या कांहीं तासांत दाब चढवितो. निरोगी नस हें सोसते. आधींच झिजलेल्या नसेला तें जड जाऊं शकतें. म्हणून शिबिरांत नांव नोंदवितांना "मला काचबिंदू आहे, अमुक थेंब चालू आहेत" हें सांगण्यास विसरूं नये. मात्र भिऊन मोतीबिंदू तसाच ठेवणेंहि योग्य नव्हे. ज्यांचा कोन बंद झालेला असतो, त्यांच्या डोळ्यांतील जाड भिंग काढल्यानें कोन मोकळा होऊन दाब उतरतो, असा चांगला अनुभव आहे.

स्टेरॉइडच्या थेंबांविषयीं एक इशारा. शस्त्रक्रियेनंतर ते आवश्यक असतात. परंतु कित्येक आठवडे घातल्यास साधारण तिघांपैकीं एकाचा दाब वाढतो, आणि काचबिंदू असलेल्यांत हें प्रमाण पुष्कळच अधिक आहे. म्हणून ते सांगितल्यापूर्वीं बंद करूं नयेत, आणि सांगितल्यानंतर चालूहि ठेवूं नयेत. उरलेली बाटली शेजाऱ्याच्या लाल डोळ्यासाठीं देणें ही दया नव्हे.

८. घरच्यांनीं काय करावें

पहिले कांहीं आठवडे डोळा चोळूं नये, दाबूं नये. रात्रीं त्यावर टोपण बांधावें. ओणवें होऊन भारे उचलणें, डोक्यावरून पाणी घेणें, विहिरींत किंवा नदींत बुडी मारणें टाळावें. कापूस वेंचण्यास किंवा मळणीच्या धुळींत जाऊं नये. शीर्षासनानें डोळ्यांतील दाब सुमारें दुप्पट होतो, म्हणून काचबिंदू असलेल्यानें तें पुढेंहि करूं नये.

एक चूक फार घरांत होते. शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याचे जुने थेंब डॉक्टर बंद करतात. घरचे लोक दुसऱ्या डोळ्याचेहि बंद करून टाकतात. दुसऱ्या डोळ्याचा रोग गेलेला नसतो. कोणत्या डोळ्यांत कोणता थेंब, हें बाटलीवरच खूण करून ठेवावें.

आपल्या मराठवाड्यांतील पुष्कळ कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात व उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. ज्या घरीं असें आहे, त्यांनीं शस्त्रक्रियेची तारीख ठरवितांनाच हें डॉक्टरांस सांगावें, म्हणजे पहिल्या तीन महिन्यांच्या भेटी घरीं असतांना होतील. तें शक्य नसेल तर शस्त्रक्रियेचा कागद व दाबाच्या आंकड्यांची वही बरोबर न्यावी आणि जेथें मुक्काम असेल तेथल्या नेत्ररुग्णालयांत दाखवावी. घरीं असतां शहरांत घाटीचें सरकारी रुग्णालय आहे, जालन्यास गणपती नेत्रालय आहे. अंतर दूर वाटतें खरें. सकाळची एस.टी. धरून दिवस मोडतो, मजुरी बुडते. पण तो एक दिवस पुढच्या पुष्कळ दिवसांचा प्रकाश राखतो.

शेवटीं, ज्याला काचबिंदू आहे त्याच्या सख्ख्या भावंडांस व मुलांस हा रोग होण्याचा संभव इतरांहून कित्येक पट अधिक असतो. तात्यांना तपासणीस नेणाऱ्या मुलानें त्याच दिवशीं आपलाहि दाब पाहून घ्यावा.

आणि पारावर बसणाऱ्या आपण सर्वांनीं प्रश्न बदलावा. "आतां लख्ख दिसतें ना?" असें न विचारतां "दाब किती आला, पुढची तारीख कधींची?" असें विचारावें. म्हणजे तात्यांनाहि समजेल कीं, जेवढें दिसत होतें तेवढें आजहि दिसतें, हेंच त्यांच्या शस्त्रक्रियेचें यश आहे.

मंडळींत चर्चेसाठीं प्रश्न

१. मोतीबिंदू व काचबिंदू यांच्या शस्त्रक्रियांपासून कोणकोणती अपेक्षा धरावी?

२. काचबिंदूच्या शस्त्रक्रियेंत जखम पुरती भरून येणें इष्ट कां नाहीं?

३. दुसऱ्या आठवड्याची भेट चुकल्यास काय गमावलें जातें?

४. शस्त्रक्रियेनंतर वर्षें लोटल्यावर डोळा लाल झाल्यास काय करावें व काय करूं नये?

५. आपल्या गांवांत काचबिंदूची शस्त्रक्रिया झालेले कोण आहेत? त्यांची पुढची तारीख केव्हां आहे, आणि त्यांच्याबरोबर कोण जाईल?